पातेऱ्यात पाणी मावते किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

त्र्यंबकेश्वर-हरसूल पट्ट्यातील जंगलांतला पातेरा, म्हणजे झाडांखाली साचलेला वाळला पाला, पेटवू नये, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जिथे एकेका दिवसात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे पातेऱ्याने धरलेल्या दोन-तीन मिलिमीटर पाण्याचे कौतुक कशाला, हा पहिला. आणि हाच वाळला पाला वणव्याला बळ देतो, तेव्हा तो आधीच जाळलेला बरा, हा दुसरा. दोन्ही विचारपूर्वक घेतलेले आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आपला आकडा बरोबर आहे. चौरस मीटरभर जागेवर एक किलो कोरडा पातेरा असेल आणि त्याने आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी शोषले, तर ते दोन लिटर, म्हणजे दोन मिलिमीटर पावसाएवढेच भरते. मात्र पाणी साठवण्याचे काम मातीचे आहे. पातेऱ्याचे काम त्या मातीची छिद्रे उघडी ठेवण्याचे. पावसाचा मोठा थेंब पाच मिलिमीटरच्या आसपास असतो आणि सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर त्या माऱ्याने ढेकळे फुटतात, सुटे झालेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पातळ, घट्ट पापुद्रा धरतो. मग खालची माती कोरडी असली तरी पाणी आत न मुरता उताराने धावू लागते आणि जाताना माती घेऊन जाते. डोक्यावर झाडे आहेत म्हणून हा मार चुकतो असेही नाही. सागाच्या रुंद पानावर बारीक थेंब एकत्र येऊन मोठा थेंब होतो, आणि आठ-दहा मीटरांवरून पडताना तो पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग घेतो. म्हणून पाला जळालेल्या सागवनात धूप फार होते.

जूनमधल्या पहिल्या जोरदार सरींनंतर अशा जळक्या उतारावर आपण वाकून पाहावे. खड्यांखाली तेवढ्यापुरते मातीचे बुटके खांब उभे राहिलेले असतात, कारण भोवतालची माती निघून गेलेली असते. बुंध्यांवर वीतभर उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे दिसतात. जवळच न जळलेली जागा असेल तर तिथला पातेरा हाताने सारावा. वर अखंड पाने, त्यांखाली शिरांची नुसती जाळी उरलेली पाने, त्यांना धरून बुरशीचे पांढरे तंतू, आणि तळाशी काळी, रवाळ माती. गांडुळांनी आणि वाळवीने पोखरलेल्या तिच्या वाटांनी पाणी खाली मुरते. पातेरा गेला की या जिवांचे अन्नही जाते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या सरी येतात तेव्हा गवत उगवलेले नसते; जमिनीवर आच्छादन असते ते फक्त पातेऱ्याचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जाळला, तर जमीन नेमकी या पहिल्या सरींच्या दिवसांत उघडी पडते.

पातेरा पूर अडवतो, असा माझा दावा नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणावर मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ आहे. झड लागली आणि तो थर भरला की पाणी वाहणारच. पण ते किती माती घेऊन वाहते हा प्रश्न उरतो, आणि त्र्यंबकच्या डोंगरांतले पाणी नाशिकला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणात येत असल्यामुळे तो नाशिककरांचाही आहे.

वणव्याची आपली भीती रास्त आहे. त्यासाठी पावसाळा सरल्यावर जाळरेषा काढाव्यात, म्हणजे ठरावीक पट्टे साफ करून आग पुढे सरकू देऊ नये. सगळा डोंगर पेटवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. नागली-भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो लहानशा वाफ्यापुरता असतो, माझा आक्षेप त्याला नाही. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग मात्र अनेकदा रानात पसरते. तिथे पाला झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जुनी लुगडी अंथरावीत. फुलेही मातीत न पडता स्वच्छ मिळतात.