पाच हजारांचा टॅब: खोक्यावर काय, आत काय

आमच्या कळव्यातल्या ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "पालकांनो, फसू नका! मोठ्या कंपन्या नावाचे पैसे घेतात, आतला माल तोच असतो. फक्त पाच हजारांत १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, ५जी सिम, १०,००० एमएएच बॅटरी आणि अँड्रॉइड १४ असलेला टॅब मिळतो. सरकारनेही मुलांसाठी सव्वादोन हजारांचा टॅब काढला होताच की. अभ्यासाला एवढं पुरे. बिघडला तरी पाचच हजार गेले."

मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. माझ्याकडच्या एका मुलीच्या आईने हा मेसेज वाचून भिशी उचलली आणि ठाणे स्टेशनबाहेरून चार हजार आठशेला असाच एक सात इंची टॅब आणला. ही बाई चार घरची कामं करते. चौथ्या दिवशी टॅब घेऊन माझ्या दारात उभी होती. "ताई, सारखा अडकतोय. पोरगी रडतेय. बघता का जरा?" दोन संध्याकाळी तो टॅब घेऊन बसले. खालचं बरंचसं त्यातूनच आलंय.

सुरुवात रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि स्टोरेज (फाइल साठवायची जागा) यांपासून करते, कारण लोक याच आकड्यांना भुलतात. मेमरीच्या चिपा जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन ही त्यातली मोठी नावं. त्या चिपांचा भाव बाजारात ठरतो, तो टपरीवाल्यासाठी वेगळा नसतो. बाजारात जाऊन नुसत्या ५१२ जीबीच्या चांगल्या मेमरी कार्डाची किंमत विचारा. ते कार्डच हजारांत जातं. मग तेवढं स्टोरेज, १२ जीबी रॅम, स्क्रीन, बॅटरी, चार्जर आणि दुकानदाराचा नफा पाच हजारांत बसेल कसा?

बसत नाही, म्हणून आकडा लिहिला जातो. अँड्रॉइडच्या सिस्टीममध्ये फेरफार करून 'सेटिंग्ज'मध्ये हवा तो आकडा दाखवता येतो. या टॅबच्या सेटिंग्जमध्ये १२ आणि ५१२ असंच दिसत होतं. डेव्हचेक आणि सीपीयू-झेड ही यंत्राच्या आत काय आहे ते दाखवणारी दोन फुकट ॲप टाकून पाहिली, तर रॅम निघाली २ जीबी. अशी ॲपसुद्धा कधी फसू शकतात, म्हणून स्टोरेजची परीक्षा वेगळी घेतली. पेन ड्राइव्हवरचे धड्यांचे व्हिडिओ एकामागून एक टॅबमध्ये टाकत गेले. साडेनऊ जीबीच्या आसपास कॉपी होणं थांबलं. सेटिंग्जमध्ये मात्र तेव्हाही शेकडो जीबी मोकळे दिसत होते! काही नकली टॅबमध्ये कॉपी थांबतही नाही, नवीन फाइल जुन्या फाइलवर लिहिली जाते आणि मुलांच्या नोट्स गुपचूप नाहीशा होतात. म्हणून भरपूर फाइल टाकून झाल्या की पहिली आणि शेवटची, दोन्ही उघडून बघा.

'४+४ जीबी' असं नामांकित कंपन्याही छापतात. तिथे दुसरे ४ म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरणं. स्वस्त टॅबमधलं स्टोरेज मुळात संथ असतं, त्यामुळे त्याचा उपयोग नावापुरता. अधिकच्या चिन्हाच्या डावीकडचा आकडा तेवढा धरायचा.

अँड्रॉइडचंही तसंच. खोक्यावर १४, सेटिंग्जमध्येही १४. पण त्याच ॲपमध्ये 'एपीआय लेव्हल', म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक, अशी एक ओळ दिसते. अँड्रॉइड १४ असेल तर तिथे ३४ हवं. या टॅबवर २७ होतं, म्हणजे अँड्रॉइड ८.१, डिसेंबर २०१७ मधलं.

"सिम टाका आणि ५जी वापरा." इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात मिसळल्या जातात. घरातल्या वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. काही विक्रेते ५ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच '५जी' म्हणतात. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काहीही संबंध नाही. या मुलीच्या टॅबमध्ये वायफायही २.४चंच निघालं आणि सिमचा भाग थ्रीजीचा. घरात वायफाय नाही, सगळी भिस्त जिओच्या सिमवर. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच थेट ४जीवर, त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नाहीच. एअरटेलनेही थ्रीजी २०२० मध्ये बंद केलं. थोडक्यात, तो सिमचा खाचा शोभेचा होता. बाहेर शिकवणीला जाणाऱ्या आणि घरी वायफाय नसलेल्या मुलांसाठी टॅब घेत असाल, तर दुकानातच स्वतःचं सिम घालून एक व्हिडिओ लावून बघा. दुकानदार नको म्हणाला तर तिथून निघा.

बॅटरीचा दावा तपासायला ॲपही लागत नाही. एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. १०,००० एमएएचची पॉवर बँक हातात घेतलीत तर ती साधारण दोनशे ग्रॅम भरते, आणि त्यातलं बहुतेक वजन बॅटरीचंच. मी टॅब खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला: २६५ ग्रॅम. काच, सर्किट, पाठीचं प्लास्टिक वजा केलं तर एवढ्यात १०,०००ची बॅटरी मावणार कुठे? तुलनेला सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ घ्या. तो पावणेनऊ इंची, वजन ३३२ ग्रॅम, आणि कंपनी त्याची बॅटरी ५,१०० एमएएच सांगते. दुसरा हिशोब चार्जिंगचा. सोबतचा चार्जर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा, म्हणजे तासाला जास्तीत जास्त ५ वॉट-अवर. रिकामा टॅब अडीच तासांत भरला, म्हणजे आत गेले फार तर साडेबारा वॉट-अवर. बॅटरीच्या ३.७ व्होल्टने भागलं की साडेतीन हजार एमएएचच्याही आतला आकडा येतो. नववीच्या मुलांना मी हे गणित फळ्यावर करून दाखवलं, त्यांना लगेच कळलं.

"आतला माल तोच असतो." काही बाबतीत हे अर्धं खरं आहे. नावाचे पैसे जातात, आणि दहावीच्या मुलीला पन्नास हजारांचा टॅब लागत नाही हे मलाही मान्य. पण माल तोच नसतो. स्वस्त टॅबमध्ये अनेकदा दिसणारी ऑलविनर ए१३३ ही प्रोसेसरची चिप चार कोरची (कोर म्हणजे हिशोब करणारा एकेक भाग) आहे, आणि ते कोर ज्या कॉर्टेक्स-ए५३ रचनेचे आहेत ती रचना २०१२ मध्ये जाहीर झाली. खोक्यावर मात्र बिनदिक्कत 'दहा कोर' छापलेलं असतं. स्क्रीन बहुतेकदा १०२४ बाय ६०० ठिपक्यांचा असतो. त्यावर बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं पूर्ण पान उघडलं की आकृतीखालची नावं वाचता येत नाहीत. कॅमेऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सरकारच्या टॅबचा दाखला वाचून मला वाईट वाटलं, कारण 'आकाश'ची गोष्ट नेमकी उलट सांगते. ऑक्टोबर २०११ मध्ये तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत तो आणला. सात इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आणि टचस्क्रीन जोराने दाबावा लागे अशा जातीचा. मुलांनी तो वापरून पाहिला आणि संथपणाच्या, टचच्या, बॅटरीच्या तक्रारी आल्या. पुढे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१२ मधल्या 'आकाश २'मध्ये रॅम दुप्पट, प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा आणि टचस्क्रीन चांगल्या जातीचा करावा लागला. हेतू चांगला, पाठीशी सरकार, तरीही त्या किमतीत अभ्यासाचं यंत्र उभं करणं इतकं जड गेलं. आणि एक फरक महत्त्वाचा आहे: 'आकाश'ची रॅम २५६ एमबी होती आणि तेवढीच सांगितली होती.

आता "बिघडला तरी पाचच हजार गेले". हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. त्या बाईचे पाच हजार म्हणजे कित्येक महिन्यांची भिशी. ते एकदाच खर्च होतात, आणि दहावीचं वर्षही एकदाच असतं.

शिवाय नुकसान पैशांवर थांबत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्यूमन सिक्युरिटी या कंपनीने 'बॅडबॉक्स' नावाचा प्रकार उघडकीस आणला. बिननावाच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये आणि एका टॅबमध्ये, ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच, चोरदरवाजा, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप आत येऊ देणारा प्रोग्राम, ठेवलेला सापडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनेही याच्या पुढच्या आवृत्तीबद्दल लोकांना इशारा दिला. अशी यंत्रं घरातल्या इंटरनेटवरून परक्या माणसांची ये-जा चालू ठेवतात. गुन्हा दुसराच कोणी करतो, पत्ता तुमच्या घरचा दिसतो. त्या मुलीच्या टॅबमध्ये असं काही होतं असं मी म्हणत नाही, ते तपासायची साधनं माझ्याकडे नाहीत. पण प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली 'प्ले प्रोटेक्ट' या गूगलच्या सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र दिसतं. तिथे 'सर्टिफाइड' नव्हतं. अशा यंत्रावर आईचं यूपीआय किंवा बँकेचं ॲप अजिबात टाकू नका.

मग पाच-सहा हजारांचा टॅब घ्यायचाच नाही का? तसं माझं म्हणणं नाही. या किमतीत २ किंवा ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, 'अँड्रॉइड गो' (कमी रॅमसाठीची हलकी अँड्रॉइड) असं सरळ लिहून विकणारेही आहेत. घरात वायफाय असेल, उतरवून घेतलेले व्हिडिओ आणि पीडीएफ एवढंच काम असेल, तर तो चालेल. संथ असेल, पण फसवणूक नसेल.

घेताना पक्कं बिल मागा. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर-'ने सुरू होणारा क्रमांक हवा, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघता येतो. सिमचा टॅब असेल तर खोक्यावरचा १५ आकडी आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) घ्या, इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून तो आकडा टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा, म्हणजे तो क्रमांक कोणत्या यंत्राचा ते कळेल. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या चाचण्या उरका. तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, पण बिल नसेल तर तिथे सांगणार काय?

थोडं थांबता येत असेल तर थांबा. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेजचा गॅलेक्सी टॅब ए९ ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा वायफायचा १२,९९९ला होता. पैसे नसतील तर माहितीतल्या माणसाचा, चालू स्थितीतला, बिलासकट असलेला जुना टॅब किंवा मोठ्या स्क्रीनचा फोनही चालेल. फक्त त्यातून आधीच्या मालकाचं गूगल खातं त्याच्याकडूनच काढून घ्या.

रविवारी आम्ही दोघी टॅब घेऊन त्या टपरीवर गेलो. बिल नव्हतं. माणूसही दुसराच बसला होता, आधीचा गावी गेलाय म्हणाला. परत येताना तिने लोकलमध्ये एकच विचारलं, "ताई, खोक्यावर खोटं छापलं तरी चालतं का?" चालत नाही, असं मी सांगितलं. सध्या तिची मुलगी बालभारतीच्या पीडीएफमधली लागतील ती पानं माझ्याकडे छापून घेते आणि व्हिडिओ रात्री वडील रिक्षा लावून आले की त्यांच्या फोनवर बघते. कळव्यात कोणी टॅब घेणार असेल तर पैसे देण्याआधी मला फोटो पाठवा, खोक्याच्या चारही बाजूंचे. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.