गोठ्यापर्यंत तीस पावलं

"शेतावर मूल किती छान वाढतं, नाही?" असं म्हणणाऱ्या माणसांचा मी बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्यापैकी काहींना शेत नसतं, काहींना मूल नसतं, आणि ज्यांना दोन्ही असतं त्यांचं मूल एव्हाना नोकरीला लागलेलं असतं.

आमची लेक नऊ महिन्यांची आहे. रात्री ती आईकडे आणि उजाडल्यावर माझ्याकडे, अशी आमच्यात वाटणी झाली तेव्हा मी मनातून खूश होतो. डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. कडेवर बाळ, समोर उगवता सूर्य, मी बोट दाखवून "ते बघ!" म्हणतोय आणि ती हरखून टाळ्या वाजवतेय. प्रत्यक्षात मी सूर्याकडे बोट दाखवलं की ती बोटाकडे बघते. मग ते बोट तोंडात घालते. परवापरवापर्यंत चालायचं, आता खाली दोन दात आलेत.

घराच्या दारापासून गोठा तीस पावलांवर आहे. पूर्वी हे अंतर मी अर्ध्या मिनिटात, जांभई देत देत पार करायचो. परवा घड्याळ लावून बघितलं, सत्तावीस मिनिटं लागली.

पहिला मुक्काम पायरीशीच पडतो, कारण तिथून मुंग्यांची रांग जाते. बाईसाहेबांना खाली बसून ती रांग बघायची असते. उचलून पुढे न्यावं तर त्या अंगाची अशी काही कमान करतात की धरणाऱ्याचीच कंबर जाते. आठ किलोचं पोतं मी एका हाताने उचलतो, पण पोत्याला स्वतःचं मत नसतं. शेवटी मीही उकिडवा बसतो. समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबतात, मिशांना मिशा लावतात आणि आपापल्या वाटेने जातात. आमच्या भावकीत इतकंही होत नाही.

दुसरा मुक्काम वाफ्याच्या कडेला. तिथे माती असते. आमच्या घरात रोज सकाळी कुणी ना कुणी माती खातंच, पण शब्दशः खाणारी ही एकटीच. मी तिच्या तोंडात बोट घालून माती काढतो, ती दुसऱ्या मुठीतली माती आत लोटते. आवक आणि जावक यांचा मेळ बसायला पाच मिनिटं जातात.

त्या दिवशी मात्र तिने मातीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण ओल्या मातीतून गांडूळ डोकावत होतं. चिमटीत धरणं ही तिची अगदी ताजी विद्या. अंगठा आणि तर्जनी जुळवत तिने गांडुळाचं टोक पकडलं आणि ओढलं. गांडूळ येईना. त्याच्या अंगाला बारीक राठ केस असतात, त्यांनी ते बिळाच्या भिंतीला घट्ट धरून बसतं. एका बाजूला दोन दातांचं माणूस, दुसऱ्या बाजूला डोळे, कान, हाडं यांपैकी काहीच नसलेला जीव, अशी रस्सीखेच सुरू झाली. पंच म्हणून मी मध्ये पडलो आणि तिची चिमटी सोडवली. गांडूळ सरकन आत गेलं.

ती रडेल म्हणून मी तयारीत होतो. ती रडली नाही. त्या रिकाम्या भोकाकडे बघत बसली. वाकली, गाल मातीला टेकवून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दिसेनाशी झालेली वस्तू संपत नाही, ती कुठेतरी असतेच, हे मुलांना साधारण याच वयात उमगायला लागतं म्हणे. माझ्या चष्म्याच्या बाबतीत मला ते अजून उमगलेलं नाही.

असे मजल दरमजल करत आम्ही गोठ्यात पोहोचतो. धार काढायला दोन हात लागतात आणि मूल सांभाळायला तीन. यावर उपाय म्हणून मी कोंबड्या झाकायचं डालगं धुऊन, सुलटं ठेवून, आत गोधडी अंथरली आणि तिला त्यात बसवलं. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी ती काठ धरून उभी राहिली आणि डालग्यासकट आडवी झाली. लागलं काहीच नाही, पण अपमान फार झाला. तिने जी किंकाळी फोडली, तिने गाय दचकली आणि दूध आटलं.

आटलं म्हणजे गाईने ते चोरलं. वासरू ढुसण्या देतं, आपण कास धुतो, तेव्हा गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटतं आणि ती पान्हा सोडते. भ्याली की तो पान्हा थांबतो, मग आचळं कितीही पिळा. गंमत अशी, की तेच ऑक्सिटोसिन माणसाच्या आईतही काम करतं आणि तिला नुसतं बाळाचं रडणं ऐकू आलं तरी पुरतं. म्हणजे त्या एकाच किंकाळीने गोठ्यातलं दूध गेलं आणि तीस पावलांवर घरात झोपलेल्या माणसाला पान्हा फुटून जाग आली. बादलीत जेमतेम तांब्याभर दूध घेऊन मी दारात पोहोचलो तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला नाही.

वासराची तर तुलनाच नको. दोघींचेही दिवस साधारण २८० चे. पण वासरू जन्मल्यावर तासाभरात लटपटत उभं राहिलं आणि थेट कासेला भिडलं. आमच्या लेकीला अजून डालगं लागतं. मी हे आईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू चौदा महिन्यांचा होईपर्यंत बसूनच होतास. आणि आत्ताही बसूनच आहेस."

ते खरं होतं. मी गव्हाणीपाशी बसलो होतो, मांडीवर लेक होती आणि समोर गाय बसून रवंथ करत होती. तिकडे वाफ्यात पाणी लावलेलं होतं. वाफा भरत आला असणार, उठून दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायला हवं होतं. पण गाय आणि लेक एकमेकींकडे टक लावून बघत होत्या. दोघींनाही पुढचे दात फक्त खाली. गाईला वर नुसती टणक हिरडी असते, लेकीला वरचे यायचेत. गाय जबडा आडवा फिरवत होती. थोड्या वेळाने लेकही फिरवायला लागली.

मी सहज मोजलं. चोपन्न वेळा चघळून गाय थांबली. घोट गिळला आणि तो फुगवटा मानेवरून खाली जाताना स्पष्ट दिसला. मग सगळं शांत. जबडा बंद, डोळे अर्धे मिटलेले. लेकही थांबली. तिचा श्वाससुद्धा थांबल्यासारखा वाटला. आणि मग गळ्याच्या तळाशी काहीतरी हललं, आणि तसाच फुगवटा कातडीखालून सरसर वर चढला. जबडा पुन्हा सुरू.

लेक आधी दचकली, मग खदखदून हसली. गेलेलं परत आलं होतं! गांडुळाने दिलं नव्हतं ते गाईने दिलं. आणि आता ती पुढच्याची वाट बघायला लागली.

आयुष्यभर गुरं सांभाळली मी, पण ते वर चढणं असं बसून कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, अजून एक बघू आणि उठू. पाचव्यालाही तेच म्हटलं.

"अहो!" मागून आवाज आला. "पाणी बांध फोडून रस्त्याला लागलंय, आणि तुम्ही इथे काय करताय?"

मी मागे न वळता हात वर केला. "थांब. येतोय."

"कोण येतोय?"

"घास."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तेवढ्यात तो आला. लेक हसली.

"मी मोटर बंद करून येते," ती म्हणाली, आणि चार पावलं जाऊन वळली. "तोवर पुढचा वर येऊ देऊ नका."