अगं, सांगून टाक ना!

राजवाडा पेटलाय, वर ड्रॅगन घिरट्या घालतोय आणि पुस्तकातल्या या दोघी नायिका एकमेकींच्या जखमेला पट्टी बांधत बसल्यात. गाठ मारताना बोटाला बोट लागतं. दोघी चपापतात, नजर चोरतात आणि प्रकरण तिथेच संपतं! रात्री दोन वाजता मी उशीला बुक्की हाणते.

अलीकडच्या क्वीअर फँटसीचं, म्हणजे समलिंगी प्रेमाच्या अद्भुतकथांचं, व्यसन लागलं की हे भोग आलेच. प्रेम असं पानोपानी मंद आचेवर ठेवण्याला 'स्लो बर्न' म्हणतात. यात जळतो तो वाचक. पूर्वी अशा जोडीतलं एक जण हमखास मारून टाकायचे. आता नुसतं ताटकळत ठेवतात. प्रगती आहे, नाही कशाला म्हणू?

समँथा शॅननचं 'द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री' (२०१९) घ्या. ८०० च्या वर पानं. उताणं पडून वाचलं तर छातीवर दडपण येतं, तेही कथानकाचं नव्हे. राणी सब्रान आणि दरबारात हलक्या हुद्द्यावर राहून गुपचूप जादूने तिला जपणारी ईड. इथे दोन बायकांच्या प्रेमाला कुणी नाक मुरडत नाही. वाचून किती हायसं वाटलं! पण राणीला मुलगी झालीच पाहिजे, कारण तिचा वंश टिकला तरच तो महाभयंकर ड्रॅगन बंदिस्त राहील अशी राज्याची श्रद्धा. म्हणजे काल्पनिक जगातही 'पाळणा कधी हलणार?' काही सुटत नाही.

टॅम्सिन म्यूरची तऱ्हाच वेगळी. 'गिडियन द नाइन्थ'मधली (२०१९) गिडियन काळा चष्मा लावून तलवार चालवते आणि जन्मापासूनची दुश्मन हॅरो हाडाच्या तुकड्यातून अख्खे सांगाडे उभे करते. हाडवैर म्हणतात ते हेच. पुढचा भाग बराचसा 'तू'ला उद्देशून लिहिलाय. तू उठलीस, तू ओकलीस. मी कुठे काय केलं? तिसऱ्या भागाचं पोट तर इतकं सुटलं की त्यातून 'नोना' नावाचं स्वतंत्र पुस्तकच बाहेर पडलं. तिनाचे चार! मालिका पूर्ण होण्याआधी हात लावू नये हे मला कळतं. वळत नाही.

ताटकळणं मी मनापासून माफ केलं ते ताशा सुरीच्या 'द जॅस्मिन थ्रोन'ला (२०२१). सम्राट भावाने कैदेत टाकलेली राजकन्या मालिनी आणि तिथे कामाला आलेली प्रिया. मालिनीला सुटकेसाठी प्रिया हवी, प्रियाचे बेत निराळे. एकमेकींचा वापर चाललाय हे दोघी जाणून आहेत, तरी जीव गुंततो. इथे हात पुढे करायला वेळ लागणारच. त्या हातात सुरी नसेल कशावरून? अडथळा असा खरा हवा. नाहीतर मग तो नुसता पानांचा भरणा.

आणि ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या 'लेजंड्स अँड लाटेज'मधली (२०२२) ऑर्क (फँटसीतली धिप्पाड, लढवय्यी जमात) व्हिव? आवडती आहे माझी, म्हणूनच जास्त राग येतो. तलवार खुंटीला टांगून बाईंनी कॉफीचं दुकान काढलंय. जग वाचवायचं नाही, सिंहासन नाही, वारस नको. दुकानातली मदतनीस टँड्री रोज त्याच काउंटरमागे हाताच्या अंतरावर उभी. तरी मनातलं ओठावर यायला पुस्तक संपत येतं. लढाईत राक्षसांची मुंडकी उडवताना कधी मुहूर्त पाहिला होता का गं, बाई?