पणजोबा सापडत नाहीत, त्यांचा कुत्रा सापडतो

परदेशी जावयाला काय काम सांगावं, हा प्रश्न आयरिश सासुरवाडीलाही पडतो. गायीचं दूध त्याला काढता येत नाही, पावसात कुंपण बांधायला तो कुरकुरतो. मग म्हणतात, "तुला कम्प्युटरमधलं कळतं ना, तर आमचे पणजोबा तेवढे शोधून दे." मला वाटलं, त्र्यंबकेश्वरी उपाध्यांपुढे आडनाव आणि गाव टाकलं की वहीतून पिढ्या बाहेर पडतात, तसंच असेल. आता या कामात मुरल्यावर सांगतो: आयर्लंडमधे सज्जन पणजोबा सापडत नाहीत. ज्यांची गाय मोकाट हिंडली, ज्यांनी कुत्रा पाळला आणि जे बाजारच्या दिवशी झिंगले, ते मात्र तारीखवार सापडतात.

कारण सज्जन माणूस सापडायचा तो जनगणनेत, आणि जनगणनेचं त्या देशात काही खरं नाही. १८६१ आणि १८७१ चे घरोघरचे कागद बेरजा झाल्यावर सरकारनंच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्यात गेले. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना तेवढ्या नीट जपून ठेवल्या होत्या, म्हणून त्या ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दप्तरखान्यात झालेल्या स्फोटात आणि आगीत गेल्या. थोडी पानं वाचली, त्यांत आपले पणजोबा नसतात. शाबूत हाती येणाऱ्यांत सगळ्यात जुन्या १९०१ आणि १९११ च्या. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

पण तिथेही आधी वाडी माहीत हवी. तिला टाउनलँड म्हणतात. अशा ६०,००० च्या वर वाड्या आहेत आणि किलमोर नावाच्या किती, ते मोजायच्या फंदात पडू नये. किल म्हणजे चर्च, बॅली म्हणजे गाव, नॉक म्हणजे टेकडी. टेकड्यांच्या देशात "नॉकवरून आलो" एवढ्यानं काही भागत नाही. वाडी नागरी पॅरिशमधे, म्हणजे सरकारी कामासाठी आखलेल्या हद्दीत असते, पाद्रीबुवांचं कॅथलिक पॅरिश, म्हणजे त्यांच्या चर्चची हद्द, वेगळं, गरिबांना मदत देण्यासाठी आखलेली गरीब-कायद्याची युनियन तिसरीच, आणि ही युनियन खुशाल दोन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, पाय पसरून बसलेली असते. जन्मनोंदीचे जिल्हे या युनियनवर बेतलेले. म्हणून मेयो काउंटीचा माणूस कधी कधी शेजारच्या काउंटीतल्या गावाच्या नावाखाली निघतो. अमेरिकेत गेलेल्यांच्या कागदांवर तर जन्मस्थान "आयर्लंड" एवढंच. तेव्हा शोध उलट्या टोकानं सुरू करावा: परदेशातलं थडगं, चर्चमधली लग्ननोंद, वर्तमानपत्रातली निधनवार्ता. वाडीचं नाव यांतच कुठेतरी, वेड्यावाकड्या स्पेलिंगात पडलेलं असतं.

वाडी मिळाली की नावं छळतात. आपल्यासारखीच तिथेही आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं. आता चार भावांनी आपापल्या थोरल्याला एकाच आजोबाचं नाव दिलं की वाडीत एका आडनावाचे, पाच-सहा वर्षांच्या अंतरात जन्मलेले चार मायकेल तयार. करासाठी घरं-जमिनींची किंमत ठरवणाऱ्या ग्रिफिथच्या मोजणीवाल्यांनी यावर तोड काढली होती: नावापुढे बापाचं नाव किंवा "तांबडा" असं लिहून टाकायचं. बायकांचं आणखी अवघड. ब्रिजेट हीच बिडी आणि हीच डीलिया. होनोरा म्हणजे नोरा. पुरुषांत जेरेमाया, डार्बी आणि दियर्मिद हा बहुधा एकच गृहस्थ. कॅथलिक नोंदवहीत पाद्रीबुवा लॅटिनमधे लिहायचे, त्यामुळे जेम्सचा जाकोबुस होतो आणि वंशावळीत जेकब नावाचा एक काका उगाच जन्माला येतो. आडनावातला 'ओ' यावा तेव्हा येतो, जावा तेव्हा जातो. मॅकगावन म्हणजे लोहाराचा मुलगा. काही घराण्यांनी सरळ भाषांतर करून स्मिथ लावलं. आता शोधा.

जन्मनोंद १ जानेवारी १८६४ पासून सक्तीची झाली. उशीर झाला तर दंड. उशीर तर होणारच, कारण निबंधकाचं गाव लांब आणि घरी बटाटे काढायचे असतात. दंड चुकवायचा सोपा उपाय म्हणजे जन्मतारीखच पुढे ढकलणं. त्यामुळे चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ३ तारखेला आणि सरकारी दाखल्यात जन्म त्याच महिन्याच्या २४ तारखेला, हे नेहमीचं. एवढ्या धर्मपरायण बाळाचा वाढदिवस कधीचा धरायचा? चर्चचा धरावा, पाद्रीबुवांना दंडाशी देणंघेणं नव्हतं. लग्नाच्या दाखल्यात दोन्ही बापांची नावं मिळतात, आयांची नाहीत, आणि लग्न नवरीच्या पॅरिशमधे शोधायचं. मृत्यूच्या दाखल्यात आजार किती दिवस होता हेसुद्धा असतं, आईबापांचा पत्ता नसतो.

१९११ साली पणजोबांचं वय बघून चक्कर येते. १९०१ ला ५३ आणि दहा वर्षांनी ७१. अशी म्हातारी माणसं वाडीवाडीत भेटतात. १९०८ च्या कायद्यानं जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागलं, आणि या वयाच्या कोणाकडेच जन्मदाखला नव्हता. मग म्हणे साहेब विचारायचे, मोठं वादळ आठवतं का? ते झालं ६ जानेवारी १८३९ च्या रात्री. आठवतं म्हणणारे खूप निघाले. १९०१ चं वय जरा खरं मानावं, १९११ चं पाच शिलिंगांचं.

आता घर. ग्रिफिथच्या १८४७ ते १८६४ च्या मूल्यांकनात पणजोबांच्या बापापुढे "हाउस, ऑफिसेस अँड लँड" दिसतं आणि शिकागोतले नातलग हरखून जातात: आपल्या पूर्वजाचं ऑफिस होतं! होतं. त्यात डुक्कर राहायचं. ऑफिस म्हणजे गोठा, खुराडं, पीट, म्हणजे जळणाची दलदलीतली माती, साठवायची खोपटी.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेच्या बी-१ तक्त्यात घराला मार्कही दिलेत, आणि मला सगळ्यात लळा लागला तो या तक्त्याचा. भिंत दगडाची, विटांची किंवा काँक्रीटची तर १, मातीची तर ०. छपराला स्लेट, पत्रा किंवा कौलं असली तर १, गवताला ०. खोली एकच तर १, दोन ते चार असल्या तर २, पाच-सहा असल्या तर ३. शेवटी दर्शनी बाजूच्या खिडक्या, जितक्या तितके मार्क. बेरीज सहा ते दहा म्हणजे दुसरा वर्ग, तीन ते पाच म्हणजे तिसरा, त्याखाली चौथा. दगडी भिंत, गवती छप्पर, तीन खोल्या, म्हणजे झाले तीन मार्क. खिडक्या तीन असल्या तर कुटुंब दुसऱ्या वर्गात, दोनच असल्या तर तिसऱ्या. मागच्या खिडकीला शून्य. पुढच्या कागदावर गोठा, तबेला, बटाट्यांचं कोठार मोजलेलं. हे सगळं हिंडून भरायचा पोलीस शिपाई, म्हणून खिडकी खोटी सांगायची सोय नव्हती.

तोच शिपाई पणजोबांना कोर्टातही न्यायचा. तालुक्याची फौजदारी कोर्टं, म्हणजे पेटी सेशन्स, यांच्या वह्यांत नाव, वाडी, गुन्हा आणि दंड अशी चोख नोंद असते. खून-दरोडे शोधू नका. रस्त्यावर मोकाट गाय, रस्त्यावर मोकाट गाढव, रस्त्यावर मोकाट पणजोबा. आणि १८६५ च्या कायद्यानं कुत्र्याला परवाना लागू झाला, दर कुत्र्यामागे दोन शिलिंग. त्या नोंदवह्यांत मालकाच्या नावापुढे कुत्र्याची जात, रंग आणि नर की मादी, सगळं आहे. पणजीचं माहेरचं आडनाव नाही, पण मेंढ्या राखणारा कुत्रा काळा होता, हे आहे.

वाडीत प्रत्यक्ष जायचं तर आधी मूल्यांकनाच्या फेरवह्यांतून जागा पक्की करावी. घर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की जुनं नाव खोडून नवं वेगळ्या रंगाच्या शाईनं लिहीत. शाईवरून साल काढता येतं, आपल्या फेरफारासारखंच. ग्रिफिथच्या मूल्यांकनातला जागेचा आकडा आणि संकेतस्थळावरचा नकाशा यांवर विसंबून राहिलात तर परक्याच्या शेतात उभे राहाल, कारण नकाशे बरेचदा नंतरच्या आवृत्तीचे असतात. गमबूट न्यावेत. घर म्हणजे बहुतेक वेळा दोन उभ्या त्रिकोणी भिंती, चुलीचा कोनाडा आणि मधे कमरेएवढी नेटलची खाजरी झुडपं. फोटो नंतर काढा. आधी पुढे जाऊन खिडक्या मोजा. दोनच भरल्या तर आयव्हीचे वेल जरा बाजूला करून बघा, तिसरी बुजवलेली असू शकते.