खग्रास कनेक्शन

चंद्राचा फोटो काढताना कॅमेऱ्याला बोट लावायचं नसतं, हे मला कॅमेरा घेतल्यावर दोन वर्षांनी कळलं. तोवर माझ्याकडे चंद्राचे साठ-सत्तर फोटो जमले होते आणि त्यातला एकही चंद्र गोल नव्हता. काही शेंगदाण्यासारखे, काही चकलीच्या सुटलेल्या टोकासारखे. लांबची लेन्स लावली की बटणावर टेकलेलं बोटसुद्धा तिला भूकंप वाटतं. कॅमेरा विकणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं, ‘‘सर, हा मोबाइलवरनं चालतो.’’ हे वाक्य मी ‘वहिनी, हा रंग तुम्हांलाच शोभतो’ या जातीचं समजून सोडून दिलं होतं. ते खरं करून पाहायचा मुहूर्त २०२५ च्या ७ सप्टेंबरला निघाला.

त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श, ११ ते १२.२२ खग्रास. तब्बल ८२ मिनिटं. एवढ्या वेळात माणूस पुण्याहून लोणावळ्याला जाऊन चिक्की घेईल, मला तर गच्चीवर जाऊन एक फोटो काढायचा होता.

वेध दुपारी एकच्या आतच लागत असल्यामुळे आईने सगळ्यांना साडेबाराला पानावर बसवलं आणि मग पाण्यावर, दुधावर, लोणच्यावर तुळशीपत्रं ठेवली. ‘‘एक बॅटरीवर पण ठेव,’’ मी म्हटलं. ‘‘कुचेष्टा कर तू,’’ ती म्हणाली. ठेवायला हवं होतं.

नऊ वाजता तिवई, चटई, टॉर्च आणि डासांचं मलम घेऊन गच्चीवर गेलो. ढगांची ये-जा चालू होती. आता एक अडचण अशी की मध्यरात्रीच्या सुमाराला तो चंद्र पुण्यात चांगला साठ अंशांच्या वर, म्हणजे जवळजवळ टाळूवर येणार. लेन्स वर केली की कॅमेऱ्याचा पडदा जमिनीकडे तोंड करून बसतो. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा फिरत नाही. फिरणारा आठ हजारांनी महाग होता. म्हणजे चित्र पाहायचं तर तिवईच्या तीन पायांत डोकं घालून शवासन. याच्यापेक्षा मोबाइल बरा.

कॅमेऱ्याच्या ॲपने आधी मी कुठे आहे ते विचारलं. अरे, चंद्राचा फोटो काढायला मी कोथरूडला आहे की कात्रजला, याच्याशी तुला काय करायचंय? (यामागे कारण आहे म्हणे. आसपासची वाय-फायची नावं कळली की माणसाचा पत्ता कळतो, म्हणून फोन आधी परवानगी मागतो. मुलगी बघायला गेल्यावर आधी गाव विचारतात, तसंच.) परवानगी दिली. मग कॅमेऱ्याने स्वतःचं वाय-फाय सोडलं आणि त्याचा पासवर्ड पडद्यावर दाखवला. पडदा जमिनीकडे. झालं शवासन.

तो पासवर्ड आठ अक्षरांचा होता आणि त्यात एक वर्तुळ होतं. ते शून्य की ओ? पुढे एक उभी रेघ. ती एक, आय की एल? मी उलटा पडून वाचत होतो, त्यामुळे सहा आणि नऊ हाही वाद होताच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मदत म्हणून टॉर्च मारला, तो पडद्यावर न पडता माझ्या डोळ्यांत पडला. चौथ्या प्रयत्नात जमलं. शून्यच होतं.

फोन कॅमेऱ्याला जोडला गेला आणि लगेच म्हणाला, ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही. जोडलेले राहायचे?’ म्हटलं, हो बाबा. तो दहा सेकंद राहिला. मग आमच्या घरचं वाय-फाय त्याला दिसलं. आमचं घर गच्चीच्या बरोबर खाली. नव्या नवरीसारखा तो संधी मिळाली की माहेरी पळायचा. त्याला ओढून आणावं, तर तोवर कॅमेरा झोपलेला. मिनिटभर कुणी हात लावला नाही की तो झोपतो, वीज वाचवायला. तो जागा झाला की नव्याने शोधाशोध. दोघांना एका वेळी जागं ठेवणं म्हणजे जुळ्यांना दूध पाजण्यासारखं होतं.

शेवटी फोन विमानाच्या मोडवर टाकला आणि नुसतं वाय-फाय चालू ठेवलं. हा उपाय लागू पडला. सव्वाअकरा वाजता माझ्या हातात, माझ्या फोनवर, चंद्र उगवला! खरा चंद्र डोक्यावर तांबूस होऊन लटकत होता. फोनवर तो मिसळीच्या तर्रीत पडलेल्या शेवेसारखा दाणेदार दिसत होता, पण माझा होता. मी बोट लावलं. काही झालं नाही. परत लावलं. मग खट्, खट्. दोन्ही एकदम.

फोनवरचं चित्र चांगलं दोन सेकंद मागे होतं. चंद्र इथून सुमारे पावणेचार लाख किलोमीटर. तिथला उजेड गच्चीवर यायला सव्वा सेकंद लागतो. आणि कॅमेऱ्यापासून माझ्या हातापर्यंत, म्हणजे दीड फूट यायला, दोन.

त्यात चंद्र एका जागी ठरेल तर तो चंद्र कसला. दर दोन मिनिटांनी तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. ३०० मिलिमीटरची लेन्स लावूनही आत सेन्सरवर तो पावणेतीन मिलिमीटरचा, म्हणजे भिजायच्या आधीच्या साबुदाण्याएवढा. तो दाणा मी मधोमध ठेवायचा, ॲपशी दहा मिनिटं झगडायचं आणि वर बघायचं तर फ्रेम रिकामी. एरवी पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. खग्रासातला चंद्र एवढा मंद की एक-दोन सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात गच्चीवर कुणी चाललं तरी संपलं. आणि गच्चीवर आता अख्खी सोसायटी चालत होती.

पावणेबाराला ॲप म्हणालं, ‘नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. इंटरनेट सुरू करा.’ मी नको म्हटलं. त्याने माझ्या नकाराचा मान राखला आणि बंद पडलं.

तेवढ्यात ही वर आली. ‘‘फोन का लागत नाहीये तुझा?’’

‘‘विमानात आहे.’’

‘‘खाली ये म्हणजे विमानातून. ग्रुपवर बघ, काकांनी फोटो टाकलासुद्धा.’’ काकांनी साध्या मोबाइलने काढलेल्या त्या फोटोत काळ्या आकाशावर एक लाल ठिपका होता. तो लिफ्टच्या बटणाचाही असू शकला असता. त्याला एकोणीस अंगठे आले होते.

बारा वाजता कॅमेऱ्याची बॅटरी लाल झाली. पडदा आणि वाय-फाय दोन्ही चालू म्हटल्यावर ती किती पुरणार? दुसरी बॅटरी घालून परत शवासनात गेलो, तोवर आई जपमाळ हातात घेऊन वर आली होती. खुर्चीवर बसून तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘काय करतोयस रे?’’

‘‘बटणाला हात न लावता फोटो काढतोय.’’

‘‘मग तुझे बाबा करायचे ते नाही का यात? बटण दाबून पळत यायचे बघ.’’

बाबांचा कॅमेरा रिळाचा होता. त्याला एक दांडी होती. ती ओढून बटण दाबलं की तो भुंग्यासारखा गुणगुणायचा आणि तेवढ्यात बाबा पळत येऊन आमच्यात उभे राहायचे. राहायचे म्हणजे, तेवढ्यात पोचले तर. महाबळेश्वरच्या फोटोत त्यांचा एक पाय हवेत आहे. माझ्या मुंजीत ते अर्धे खाली बसलेले आहेत, अर्धे यायचे आहेत.

मी मेनू उघडला. पहिल्याच पानावर टायमर होता. दहा सेकंद, दोन सेकंद. वाय-फाय नको, पासवर्ड नको, कोथरूड नको.

१२ वाजून १९ मिनिटं. चंद्र मध्ये आणला, दहा सेकंद लावले, बटण दाबलं. कॅमेरा टिक् टिक् करू लागला. आणि मी धावत जाऊन आईच्या खुर्चीमागे ताठ उभा राहिलो.

‘‘इकडे कशाला आलास?’’ आई म्हणाली. ‘‘फोटो चंद्राचा आहे ना?’’