कॉन्व्हेंट म्हणजे लावारिस पोरांची शाळा? आई, तो मेसेज डिलीट कर

रविवारी सकाळी चहा पण झाला नव्हता तर आईचा फोन. "ताईला सांग, छकुलीला काढ त्या शाळेतून." काहून, म्हटलं. छकुली दुसरीत आहे, चर्चच्या आवारातली साधी पॅरिशची शाळा, घरापासून दहा मिनिटं, पोट्टी खुश आहे. तर म्हणे ग्रुपवर आलंय.

काय आलंय ते पण सांगतो. इंग्लंडात लोक लग्नाशिवाय राहायचे, झालेली पोरं चर्चच्या दारात टाकून जायचे, त्यांच्यासाठी १६०९ ला पहिली कॉन्व्हेंट निघाली. पोरांना आईबाप नव्हते म्हणून तिथं फादर, मदर, सिस्टर नेमले. मेकॉलेनं १८३५ ला पार्लमेंटात भाषण ठोकलं, १८४२ ला कलकत्त्यात अशी शाळा आली, आणि तेव्हापासून पोरं बाटवणं चालू आहे. खाली हात जोडलेले सहा इमोजी. हिंदीत हा मेसेज कित्येक वर्षं फिरून राहिला, आता कोणीतरी मराठीत करून आमच्या मामेभावांच्या ग्रुपवर टाकला.

आईला सगळ्यात जास्त लागलं ते फादर-मदरचं. "बाप नाही म्हणून फादर." अगं पण आपण ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो, मग वारीला जाणारे सगळे बिनआईचे का? ताजबागला तू स्वतः चादर चढवून आलीस, ताजुद्दीन बाबा म्हणतेस, तुझे वडील नाना तर तेव्हा जिवंत होते! दवाखान्यात नर्सला सिस्टर म्हणतो तेव्हा आपल्याला बहीण नसते का? साधूला, गुरूला बाप म्हणणं जगभर आहे. मराठीतला पाद्री शब्द घ्या, तो पोर्तुगीज पाद्रे वरून आला आणि त्याचा अर्थच बाप.

आता कॉन्व्हेंट. कोणतीही धड डिक्शनरी उघडा, दोन मिनिटांचं काम आहे. लॅटिन कॉन्व्हेन्टस, म्हणजे एकत्र येणं, जमलेली मंडळी. थोडक्यात संघ. नागपुरात हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नन्स एकत्र राहतात ती जागा कॉन्व्हेंट, त्या शाळा चालवायला लागल्या म्हणून शाळेलाही तेच नाव चिकटलं. लंडनचं कॉव्हेंट गार्डन आहे ना, ती मुळात वेस्टमिन्स्टरच्या मठवाल्यांची बाग, कॉन्व्हेंटचंच कॉव्हेंट झालंय. आणि तो मठ बंद कधी झाला, १५४० ला. आठव्या हेन्रीनं पोपशी भांडून १५३६ ते १५४० मध्ये देशातले सगळे मठ, सगळ्या कॉन्व्हेंट बंद करून टाकल्या. म्हणजे मेसेजवाले म्हणतात त्या १६०९ ला इंग्लंडात उघड कॉन्व्हेंट असणंच शक्य नव्हतं, कॅथलिक असणंच तिथं गुन्ह्यासारखं होतं. मग पोरं कुठं टाकत होते, हेन्रीच्या थडग्यावर?

१६०९ चा आकडा मात्र अगदी हवेतला नाही, हे मान्य करतो. त्याच वर्षी मेरी वॉर्ड नावाच्या इंग्रज बाईनं सेंट-ओमेरला, जे आज उत्तर फ्रान्समध्ये आहे, आपली संस्था काढली आणि मुलींना शिकवायला लागली. पण त्यात इंग्लंडच्या चांगल्या घरातल्या कॅथलिक पोरी होत्या, घरच्यांनी समुद्रापार पाठवलेल्या, कारण मायदेशी तसं शिकता येत नव्हतं. गंमत म्हणजे चार भिंतींत कोंडून न घेता काम करू पाहणाऱ्या या बायकांची संस्था १६३१ ला खुद्द पोपनंच बरखास्त केली आणि मेरी वॉर्डला म्युनिकमध्ये कोंडलं. त्याच परंपरेतल्या लोरेटो सिस्टर्स आयर्लंडहून येऊन १८४२ ला कलकत्त्यात शाळा चालवायला लागल्या. ती तारीख खरी, बाकी सगळी फोडणी.

आणि छकुलीची शाळा तर पॅरिशची, म्हणजे त्या भागातल्या चर्चनं चालवलेली. अशा चर्चमधल्या शाळेत कोणती पोरं यायची याचा एक जुना नमुना बघायचा तर १५९७ च्या रोममध्ये जा. होसे दे कालासांझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं त्रास्तेवेरे भागात सांता दोरोतेआ या पॅरिशच्या चर्चमध्ये दोन खोल्या मागून घेतल्या आणि गरिबांच्या पोरांना फुकट वाचन, लेखन, हिशोब शिकवायला लागला. आईबाप असलेली, फक्त पैसे नसलेली पोरं.

मेकॉलेचं पटकन उरकतो. ज्या दिवशी तो पार्लमेंटात बोलला म्हणतात, २ फेब्रुवारी १८३५, त्या दिवशी गडी कलकत्त्यात होता. त्याच तारखेचा त्याचा शिक्षणावरचा मिनिट, म्हणजे सरकारी टिपण, आहे, खुशाल वाचा, भारतीय पुस्तकांबद्दल भरपूर माज आहे त्यात, शिव्या घालायला ते पुरेसं आहे, खोटं भाषण कशाला पाहिजे.

"या शाळा आपल्याकडे इंग्रजांनी आणल्या" हे पण अर्धवटच. नागपुरात सदर भागातली एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा, १८७० ची. ती ज्या फादर लोकांची, ते ॲनसीचे, सव्हॉय प्रांतातले. त्यांची पहिली तुकडी भारतात आली तेव्हा सव्हॉय इंग्लंडचं तर सोडा, फ्रान्सचं पण नव्हतं, १८६० ला फ्रान्समध्ये गेलं. ज्याच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे तो मिशनरी हिस्लॉप वेगळा, तो स्कॉटलंडचा प्रोटेस्टंट. आपले लोक सगळ्यांना एका पोत्यात भरतात.

बाटवायचं म्हणाल तर मिशनरी धर्म पसरवायलाच आले होते, त्यांनी ते कधी लपवलं नाही. मिशनच्या आवारात बऱ्याच ठिकाणी अनाथालयं पण होती, तेही खरं. पण शाळेचं बोलतोय आपण. घटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य शाळेत पालकाच्या परवानगीशिवाय पोराला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. छकुलीच्या वर्गात कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला, फक्त कॅथलिक पोरं जातात, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. दीडशे वर्षं शाळा चालवून २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन एक टक्का पण भरत नाहीत. फी वाढवतात, इंग्रजीचा तोरा करतात, त्यावर भांडा ना, मी पण येतो.

आणि आई, मला तू मानेवाड्यात केजीला कुठं टाकलं होतंस? अमुकतमुक कॉन्व्हेंट. गेटवर सरस्वतीचा फोटो, आत एक पण नन नाही, मालक ठेकेदार. नागपुरात गल्लीगल्लीत कॉन्व्हेंट आहे, तेव्हा कोणी लावारिस म्हणालं नाही मला.

हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली बरं, करते डिलीट. संध्याकाळी ग्रुप उघडला तर मेसेज जिथल्या तिथं, खाली तिचाच अंगठा. तिनं फक्त स्वतःच्या फोनमधून उडवला होता.