मुलांना हॉटेलात नको, घरात उतरवा

आमच्या परदेशातल्या भागीदार शाळेची मुलं पुढच्या सत्रात आमच्याकडे येणार आहेत. त्यासाठी घेतलेल्या पालकसभेत अपेक्षेप्रमाणे तोच सूर निघाला. "मॅडम, घरोघरी कशाला ठेवायचं? सगळ्यांना एखाद्या हॉटेलात एकत्र उतरवा. आपली मुलं तिकडे जातील तेव्हाही तसंच करा. सुटसुटीत होईल, कुणाच्या डोक्याला ताप नाही." सभेत वेळ कमी होता, मलाही धड बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. लांबेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

मुलांना घेऊन मी आजवर तीनदा अशा दौऱ्यावर गेले आहे. पहिल्यांदा आम्ही हॉटेलातच उतरलो होतो. स्वागत समारंभ झाला, भाषणं झाली, भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली. आमची मुलं नाचली, त्यांची गायली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी संग्रहालय, संध्याकाळी खरेदी. बसमध्ये आमची मुलं पुढे, त्यांची मागे. रात्री खोलीत पुन्हा त्याच आपल्या वर्गमैत्रिणी. परत आल्यावर मी वर्गात सांगितलं, तिकडच्या कुठल्याही एका मुलाबद्दल दहा ओळी लिहा. निम्म्याहून जास्त मुलांना त्याचं नावही नीट लिहिता आलं नाही. फोटो मात्र प्रत्येकाकडे शेकड्यांनी होते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण कार्यक्रमपत्रिका मीच आखली होती.

दुसऱ्या दौऱ्यात आम्ही हट्टाने घरं मागितली. पहिल्याच रात्री दहा वाजता एका मुलीचा फोन आला, रडवेल्या आवाजात. "मॅडम, इथला नळ कसा सोडायचा तेच कळत नाहीये, आणि विचारायची लाज वाटतेय." मी म्हटलं, दार उघड आणि जो पहिला दिसेल त्याचा हात धरून त्याला नळापाशी ने. तिला दिसली ती घरातली सहा वर्षांची धाकटी. तिने नळ तर सोडून दाखवलाच, शिवाय घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक कडी कशी चालते तेही रात्रीच दाखवलं. चौथ्या दिवशी मी त्या घरी गेले, तर आजोबांचं ऐकण्याचं यंत्र सापडत नव्हतं. सगळे शोधत होते. आमच्या मुलीने न विचारता खिडकीतल्या पुस्तकांमागून ते काढून दिलं. आजोबा दुपारी वाचत बसतात आणि यंत्र तिथेच काढून ठेवतात, हे तिने पाहून ठेवलं होतं. हे कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत बसवणार?

आता कुणी म्हणेल, मुलं एकत्र आली की मैत्री आपोआप होते, घर काय आणि हॉटेल काय. नाही होत. १९५४ साली समाजमानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. आधी रस्सीखेच, मग हमरीतुमरी, मग एका गटाने दुसऱ्याचा झेंडा जाळणं. त्यानंतर दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. वैर तसूभर कमी झालं नाही. कमी झालं ते शिबिराचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा, खाण्याचं सामान आणणारा ट्रक बंद पडला आणि सगळ्यांना तो ओढावा लागला तेव्हा. ट्रक ओढायला त्यांनी दोर वापरला तो रस्सीखेचीचाच. या प्रयोगात मुलांना अंधारात ठेवलं होतं, ते मला पटत नाही. पण त्या दोराची गोष्ट मी विसरू शकत नाही.

त्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवर लिहिताना हेच वेगळ्या अंगाने मांडलं. दोन समूह नुसते भेटून भागत नाही. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागावी आणि वरच्या माणसांचा त्याला मनापासून पाठिंबा हवा. आमच्या पहिल्या दौऱ्यात यातलं काय होतं? एक पाहुणा, एक यजमान. एक मंचावर, एक खुर्चीत.

म्हणून तिसऱ्या दौऱ्यात आम्ही नाच-गाणी एका संध्याकाळपुरती ठेवली आणि मुलांना काम दिलं. शाळेमागच्या ओढ्याचं पाणी पाच ठिकाणी तपासायचं, चौघांचा गट, दोन आपले, दोन त्यांचे, आणि अहवाल दोन्ही भाषांत. दुसऱ्याच दिवशी नोंदी कुणी लिहायच्या यावरून एका गटात चांगलंच वाजलं. त्या ओढाताणीत तापमापक पाण्यात पडला. भांडणारे दोघेही गुडघाभर पाण्यात उतरले, बाह्या भिजेपर्यंत चाचपडत राहिले आणि वर आले ते एकमेकांच्या भाषेतला 'सापडला' हा शब्द शिकूनच. मी काठावर उभी होते. मध्ये पडले नाही, याचं मला आजही समाधान आहे.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर करता येतं का? येतं. फ्रान्स आणि जर्मनी ७५ वर्षांत तीनदा एकमेकांशी लढले. १९६३ च्या जानेवारीत फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी जुलैत दोन्ही सरकारांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. आजवर नव्वद लाखांहून अधिक मुलं-मुली त्यातून एकमेकांकडे जाऊन आली आहेत. ज्या आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांची नातवंडं एकमेकांच्या घरी राहिली.

सुरक्षिततेची काळजी मला पालकांइतकीच आहे, आणि तिथे मी कुणाचंही ऐकणार नाही. प्रत्येक घर शिक्षकांनी आधी जाऊन पाहिलंच पाहिजे. घरातल्या मोठ्यांची पडताळणी झाली पाहिजे. मुलाला झोपायला स्वतंत्र जागा हवी, औषधं आणि अ‍ॅलर्जीची यादी यजमानांच्या हातात हवी, शिक्षकाचा फोन रात्रभर सुरू हवा. आणि मूल म्हणालं की इथे नको, तर कारण न विचारता त्याच रात्री घर बदलायचं. एवढं करायची तयारी नसेल तर दौराच काढू नये. पण एवढं केल्यावरही हॉटेल मागणं म्हणजे आपली सोय बघणं आहे, मुलांची नाही.

आणखी एक. परतभेट झालीच पाहिजे. फक्त जाऊन आलो तर ती सहल झाली. ते आपल्याकडे येतात, आपल्या नळापाशी अडतात, तेव्हाच दर्जा समान होतो. परतभेटीचा दुसरा फायदा असा की ज्यांना प्रवासाचा खर्च झेपत नाही त्यांनाही यात येता येतं. पाहुण्याला घरी ठेवून घ्यायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही.

सभेनंतर एका आईचा फोन आला. "मॅडम, हौस आहे हो, पण आमचं घर फार लहान आहे. त्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, तुमच्याकडे जी मुलगी येईल तिने अर्जात लिहिलंय की ती दोन भावांबरोबर एका खोलीत राहते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "विचारून सांगते." आज सकाळी त्यांचा मेसेज आला: "मुलगी किती उंच आहे? आमची गादी आखूड आहे, आधी कळलं तर दुसरी बघून ठेवते."